गाठोडं उचललं म्हणून बाळ गेलं का?

पोट पडल्यावर समुपदेशनाला येणाऱ्या बायका मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, माझ्या हातून काय चुकले? यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आशाताईसोबत आलेल्या तरुण बाईने विचारले, "म्या कापसाचं गाठोडं उचललं, म्हून गेलं काय जी माहं बाळ?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पाचव्या महिन्यात गर्भ गेला होता आणि दहाव्या दिवशी ती वेचणीला गेली होती. नोकरदार स्त्रीला कायद्यानुसार अशा वेळी सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला कोण देणार? धुऱ्यावरच्या झोळीत कुणाचे तरी तान्हे रडले आणि हिची चोळी दुधाने भिजली. बाळ गेल्यावरही दूध येऊ शकते, हे तिला दवाखान्यातून निघताना कुणीच सांगितले नव्हते. कमरेची कापसाने भरलेली ओटी न सोडताच ती तुरीच्या ओळीत लपून बसली.

"तुझी काही चूक नाही" हे मी त्या दिवशी मुद्दामच म्हटले नाही, कारण तो दिलासा तिला घरी दहा जणांनी दिला होता आणि त्यानंतर तिचे बोलणेच खुंटले होते. दोन भेटी मी फक्त ऐकले. तिसऱ्या भेटीला नवरा आणि सासूला बोलावून, डॉक्टरांकडून तिचे कागद सर्वांसमोर समजावून घेतले. कारण जंतुसंसर्गाचे होते, गाठोड्याचे नव्हते. (पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो, त्यातही आईचे काही चुकलेले नसते.) सासू बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माहे दोन गेले. तवा रडाले येळ कोनाले होता?" त्या दिवशी दोघी एकत्र रडल्या.

रडणे आजार नव्हे. मात्र झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ तुटले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर आशाताईला सांगावे किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोलावे.

दिवस भरले असते तो चैत्र जड जाईल, हे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवले होते. त्या आठवड्यात सासूने तिला शेतात पाठवले नाही आणि स्वतःही गेली नाही.