मुलं सांभाळण्याचं बिल पालकांना तासावर लावू का महिन्याचं फिक्स?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ताया चार-पाच घरी मुलं सांभाळायला जातात, आणि महिनाअखेरीला प्रत्येक घरी खाड्यांवरून घासाघीस होते. मीही हेच काम करते. फिक्स लावा, आणि तेही ॲडव्हान्स. तो वेळ तुम्ही त्या घरासाठी अडवून ठेवलेला असतो, त्या वेळात ताईला दुसरं घर धरता येत नाही, मग बाळ चार दिवस आजीकडे गेलं म्हणून चार दिवसांचे पैसे कापा, हे कसं चालेल? ताई स्वतः आली नाही आणि बदली कुणी पाठवलं नाही तर मात्र कापायचे, तिथे वाद घालू नये.

आता फिक्स आकडा काढताना बहुतेक जण आठवड्याचे तास गुणिले चार करतात आणि तिथेच मार खातात. महिना चार आठवड्यांचा नसतो (फेब्रुवारी सोडला तर). समजा आठवड्याला २० तास ठरलेत. २० गुणिले ५२ म्हणजे वर्षाचे १०४० तास, भागिले १२ केलं की महिन्याला ८६.६७ येतात. तुम्ही ८० धरले तर वर्षाला ८० तास म्हणजे अख्खे चार आठवडे फुकट गेले, आणि ताईला पगार तर पूर्ण द्यायचाच आहे! नवीन पालकांना हे गणित कागदावर करून दाखवा, बरेचसे लगेच मान्य करतात.

जास्तीचे तास वेगळे लिहायचे आणि पुढच्या महिन्याच्या बिलात जोडायचे. इथे एक चूक फार दिसते, २ तास ४५ मिनिटं म्हणून एक्सेलमध्ये २.४५ टाकतात. ते २.७५ हवं, ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास ना. उशिराचं पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्याने धरा, आणि त्याच संध्याकाळी पालकांना मेसेज टाका की आज ६ ऐवजी ६:४० झाले, तीन टप्पे लावतेय. महिन्याने सांगितलं तर कुणालाच आठवत नाही, मग तोंड वाकडं होतं.

डायपर, बागेचं तिकीट असा वरखर्च ताईने खिशातून केला असेल तर तो फीमध्ये मिसळू नका, खाली वेगळी ओळ आणि पावतीचा फोटो.

दोन कुटुंबं मिळून एकच ताई ठेवत असतील तर दोघांना वेगवेगळी बिलं द्या, आणि एका घराने मध्येच सोडलं तर उरलेल्या घराला काय रेट पडेल हे आधीच लिहून घ्या. नाहीतर एक दिवस पहिलं घर निघून जातं आणि दुसरं म्हणतं आम्ही अर्धेच देणार 🙂 आईवडील वेगळे राहत असतील तर कोण किती देणार ते त्यांनी आपापसात ठरवावं, पण तुम्हाला लेखी कळवायला सांगा. तुम्ही त्यांच्यातले निरोपे होऊ नका.

आणि हो, पैसे मागायला अवघड वाटतं म्हणता, तर ताईला कधीच मागायला लावू नका, ती रोज त्या घरात जाते. बिल आणि आठवण दोन्ही तुमच्या नंबरवरून जाऊ दे, आणि पैसे आले की लगेच पावती.