भाराभर चिंध्या आणि ५० नंबरचा गडी

प्रिय चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस आणि मी तोंड उघडेपर्यंत शाळा आली. तू दप्तर ओढत उतरून गेलीस, प्रश्न मागच्या सीटवर तसाच राहिला. फोनवर तू आजीला कौतुकाने सांगत होतीस, की फ्लॅग फुटबॉलमध्ये मी पास टाकते, पास पकडतेसुद्धा, समोरच्यांच्या कमरेचे फ्लॅगही ओढते, शिवाय मंगळवारी व्हायोलिन आणि गुरुवारी पोहणं. त्यावर आजी पलीकडून म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आणि तू मला विचारलंस, "बाबा, एका माणसाने खूप गोष्टी केलेल्या मराठी लोकांना आवडत नाहीत का?"

आधी म्हणीचं बघू. चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. भारा म्हणजे डोक्यावरून न्यावा लागेल एवढा ढीग. धड म्हणजे अख्खं, न फाटलेलं. घरात कापड तर ढीगभर आहे, पण अंगावर घ्यायला एकही धड नाही, अशी ही तक्रार. यात सगळा जोर 'धड'वर आहे. चिंध्या आजीलाही हव्याच असतात. सांगलीला तू जी जड वाकळ पांघरून झोपलीस ती तिनेच शिवलीय. वर आणि खाली तिच्या सासूची दोन जुनी लुगडी, आत माझ्या शाळेच्या शर्टापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळे तुकडे, आणि त्यावरून धावदोरा. बाहेरचं लुगडं धड होतं म्हणून आतलं काही सुटलं नाही. पुढच्या वेळी नीट बघ, पायाच्या बाजूला एक निळी चौकट आहे, ती माझी शर्टाची बाही.

आता तुझ्या ओळखीच्या माणसाकडे येतो. न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या आपल्या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच माइक व्रेबल. तू त्याला हेडफोन लावलेलाच पाहिलायस, २०२५च्या जानेवारीत तो इथे कोच म्हणून आला तेव्हापासून. मी इथे नवीन होतो तेव्हा ऑफिसातले लोक त्याचं नाव जर्सीवरच्या ५० नंबरसकट घ्यायचे.

हा ओहायोतल्या ॲक्रनचा, जन्म १९७५चा. पिट्सबर्गच्या टीमने त्याला १९९७ मध्ये घेतलं आणि चार वर्षं बहुतेक बदली खेळाडू म्हणून बाकावर ठेवलं. २००१ मध्ये तो न्यू इंग्लंडला, म्हणजे पेट्रिअट्सकडे, आला आणि त्याचं नशीब पालटलं. काम लाइनबॅकरचं, म्हणजे बचावातलं. समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, धावून जायचं, त्याला पाडायचं, निदान घाईला तरी आणायचं. २००२च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, त्याने समोरचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याला असंच घाईला आणलं, पास भलतीकडे गेला, त्याच्याच टीममधल्या टाय लॉने तो मधेच पकडून ४७ यार्ड पळत गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाऊन केला. पेट्रिअट्सचं ते पहिलं अजिंक्यपद.

पण लोकांना तो आठवतो त्याच्या दुसऱ्या कामासाठी. गोलरेषा एक-दोन यार्डांवर आली, की पेट्रिअट्सचे तेव्हाचे कोच बेलिचिक त्याला आक्रमणात टाइट एंड, म्हणजे पास पकडू शकणारा गडी, म्हणून उतरवायचे. आता गंमत बघ. ५० नंबरच्या गड्याला पास पकडायची परवानगीच नसते. ती हवी असेल तर दर वेळी पंचांकडे जाऊन "मी आत्ता पकडणार आहे" अशी नोंद द्यावी लागते, आणि पंच ते समोरच्या टीमला कळवतात. म्हणजे चोर आधी दवंडी पिटून येतो, आणि तरी चोरी होते! २००४च्या सुपर बोलमध्ये कॅरोलायनाविरुद्ध तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पेट्रिअट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने त्याला एक यार्डाचा पास दिला, टचडाऊन. त्याच सामन्यात बचावात त्याने कॅरोलायनाच्या क्वार्टरबॅकला दोनदा पाडलंही होतं. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाविरुद्ध पुन्हा टचडाऊन. साखळी सामन्यांत त्याने आयुष्यभरात १० पास पकडले आणि दहाही टचडाऊन. अकरावा साधा पास नाहीच.

आजीला हा आकडा सांगितलास तर ती खूश होईल, पण सोबत दुसराही सांग. त्याच माणसाने १४ वर्षांत क्वार्टरबॅकला ५७ वेळा पाडलं. ते त्याचं लुगडं. वरचे दहा पास म्हणजे माझ्या शर्टाची बाही.

आणि एक सांगू? एक माणूस दोन्हीकडे खेळला याचं एवढं अप्रूप अमेरिकेतच वाटतं, कारण १९५०पासून हव्या तितक्या बदल्या करायची कायमची मुभा मिळाली आणि आक्रमणाचे गडी वेगळे, बचावाचे वेगळे, लाथ मारणारा तिसराच, अशी वाटणी झाली. मी शाळेत खो-खो खेळलो. तिथे आठ जण एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो, आणि डाव बदलला की तेच नऊ जण तिघातिघांच्या तुकडीने पळायला उतरतात. मी खांबावर सूर मारायला पटाईत होतो, पळतीला मात्र पंधरा-वीस सेकंदांत बाद. पण "मी फक्त पाठलाग करतो" असं म्हणायची सोयच नव्हती. कबड्डीतही तेच. चढाई करून श्वास परत आला नाही तोवर साखळीत हात धरून उभं राहायचं. तेव्हा मराठी लोकांना आवडत नाही, हे तुझं काही खरं नाही. आपल्याकडे अशा माणसाला हरहुन्नरी म्हणतात, अष्टपैलू म्हणतात. आजी तुला तेव्हा तसं म्हणेल जेव्हा व्हायोलिनच्या वहीवरची धूळ निघेल. (हे मी म्हणतोय, ती नाही.)

व्रेबल कोच कसा झाला ते मला त्याच्या खेळापेक्षा जास्त आवडतं. २०११ मध्ये खेळणं सोडलं आणि त्याच वर्षी आपल्या जुन्या कॉलेजात, ओहायो स्टेटला, शिकवायला लागला. मग ह्यूस्टनच्या टीमकडे, मग २०१८ मध्ये टेनेसी टायटन्सचा मुख्य कोच. आपल्याकडे तालमीत असंच होतं. ज्याने तांबड्या मातीत वर्षं काढली तोच पुढे वस्ताद होतो, काठावर बसून पोरांची पकड कुठे सुटते ते सांगतो. आणि तालमीत एक जुनं बोलणं आहे, की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, चेला उलटला तर कामी यावा म्हणून.

बेलिचिकनी राखून ठेवला नाही. झालं असं, की ऑक्टोबर २०१९ मध्ये जेट्स टीमविरुद्ध पुढे असताना त्यांनी मुद्दाम छोट्या चुका केल्या. चेंडू वेळेत सुरू करायचा नाही, मग कुणीतरी आधीच हलायचं. दंड पाच-पाच यार्डांचा, पण घड्याळ चालूच राहतं. नियमातली फट. व्रेबलने ती पाहून ठेवली. ४ जानेवारी २०२०ला तो टायटन्स घेऊन फॉक्सबरोला आला, बाद फेरीत, आपल्याच जुन्या मैदानावर. टायटन्स १४-१३ने पुढे, शेवटच्या भागातली साडेसहा मिनिटं बाकी, चेंडू लाथ मारून परत द्यायचा होता. व्रेबलने तो दिलाच नाही. एक चूक, दंड. दुसरी चूक, दंड. मग पेट्रिअट्सचाच एक जण वैतागून रेषेपुढे आला. जवळपास दोन मिनिटं अशी गेली, आणि बेलिचिक काठावर पंचांवर ओरडत होते. मी सोफ्यावर बसून मराठीत ओरडलो, "गुरूची विद्या गुरूला फळली!" तू तेव्हा लहान होतीस, दचकून रडायला लागलीस. आईने मला बोल लावला तो वेगळा.

शेवटी ब्रेडीचा पास लोगन रायनने पकडला, तोही पूर्वी पेट्रिअट्सचाच, आणि सामना २०-१३. पेट्रिअट्सकडून ब्रेडीने टाकलेला तो शेवटचा पास. पुढच्या मोसमाआधी ती फट नियम बदलून बुजवली.

२०२१ मध्ये त्याच्या टीममध्ये इतकी दुखणी झाली, की एका मोसमात ९१ खेळाडू मैदानात उतरवावे लागले. यादी असते ५३ जणांची. तरी १२ सामने जिंकले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच तोच ठरला. बाकावरच्या गड्याला ऐन वेळी काय येतं, हे पिट्सबर्गच्या बाकावर चार वर्षं काढलेल्यानेच ओळखावं.

रविवारी आजीचा फोन येईल. तिला हे सगळं सांगायच्या भानगडीत पडू नकोस, सुपर बोल म्हटलं की ती "कसला बोल?" विचारेल. पण शनिवारच्या मॅचचा तुझा फोटो मी तिला पाठवला होता. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लाल फ्लॅग लटकतायत तो. तेव्हापासून तिने मला दोनदा विचारलंय, "पोरीच्या कमरेला त्या चिंध्या कसल्या बांधल्यात?" ते उत्तर तू दे.

तुझा,
बाबा