खोंड अंगावर येतोय, आधी आबांना दावणीपासून लांब ठेवा

तुमचा प्रश्न सगळा वाचला. अडीच वर्षांचा खिलार खोंड, आई लवकर गेल्यामुळे बाटलीवर वाढवलेला, पोरांच्या अंगाखांद्यावर खेळलेला, आणि आता महिनाभरात दोनदा तुमच्या वडिलांना, आबांना, गव्हाणीपाशी शिंगाने भिंतीला दाबलंय. शेजारी म्हणतात, उपाशी ठेवा, चाबकाने सरळ करा. ते करू नका. आणि आजपासून वैरण टाकायला आबा जाणार नाहीत, हे घरात आजच ठरवा. पुढचं सगळं त्यानंतर.

बाटलीवर वाढलेला नर मोठेपणी जास्त धोकादायक असतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. कळपात वाढलेला खोंड माणसाला थोडा बिचकून असतो, अंतर ठेवतो. एकट्याने माणसात वाढलेल्याला माणूसच कळपातला वाटतो. दीड-दोन वर्षांनी अंगात वळूपण आलं की कळपात जी ताकद दुसऱ्या नरावर आजमावायची, ती तो तुमच्यावर आजमावतो. त्यात लहानपणी पोरं कपाळाला हात लावून त्याला ढकलत असतील, तर टक्कर घ्यायचं शिक्षण आपणच दिलेलं असतं. पाडसाच्या कपाळाशी कधी खेळू नये. खाजवायचं तर गळ्याखाली, तिथे लोंबणाऱ्या कातडीला, म्हणजे पोळीला खाजवा.

खिलार जात मुळातच तल्लख. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, म्हसवड या माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात चपळाई आणि दमासाठीच ती जपली गेली. अनोळखी माणसाला ती बुजते, हा तिचा स्वभाव आहे, दोष नाही. पण बुजणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. बुजलेलं जनावर पळायला वाट शोधतं. वाट दिली की प्रश्न मिटतो. अंगावर येणारा वळू आधी आडवा उभा राहून पाठ फुगवतो, अंगाची पूर्ण बाजू दाखवतो. मग मान खाली, डोळे वटारलेले, नाकातून फुत्कार, पुढच्या खुराने माती उकरणं. हे दिसलं की पुढे पाऊल टाकायचं नाही. पाठ फिरवून पळायचंही नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू तिरकं मागे सरकत कुंपणापर्यंत यायचं. धावूनच आला तर खांद्यावरचा टॉवेल किंवा टोपी बाजूला फेका, तो क्षणभर तरी तिकडे वळतो.

गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त थेट मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका. आवाज देत, बाजूने, खांद्याच्या रेषेत जा. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर जनावर पुढे सरकतं, पुढे आलात तर मागे हटतं. एवढं कळलं तरी निम्मी आरडाओरड आणि काठ्या वाचतात.

आता गोठा. तुमच्या वर्णनावरून गव्हाण भिंतीला लागून आहे आणि कडबा टाकायला माणसाला खोंड आणि भिंत यांच्यामध्ये शिरावं लागतं. खरा धोका तिथे आहे. गव्हाण अशी फिरवा की वैरण, पेंड, पाणी बाहेरूनच देता येईल. तोवर त्याला दोन्ही बाजूंनी दोन दाव्यांनी, मजबूत खुंट्यांना बांधा, म्हणजे डोकं एका मर्यादेपलीकडे फिरणार नाही. दावी दर आठवड्याला तपासा. सुतळी कुजते, गाठ सरकते. आणि माणूस जिथे काम करतो तिथे दीड फुटाची फट ठेवा, ज्यातून माणूस निसटेल पण जनावर येणार नाही. खर्च दोन खांबांचा आहे. गोठा झाडताना खोंड आधी दुसरीकडे बांधायचा, तो जागेवर असताना शिरायचं नाही.

डॉक्टर मात्र लगेच बोलवा. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, किंवा तालुक्याचा दवाखाना. गरीब जनावर अचानक बदललं तर त्यामागे दुखणं असू शकतं: वेसणीची जखम चिघळलेली, त्यात अळ्या पडलेल्या, खुरात काटा, पोटात तार गेलेली. मारझोडीने हे दुखणं बरं होत नाही, उलट प्रत्येक माणूस त्याला वैरी वाटायला लागतो. चाबकाला माझा ठाम विरोध यासाठीच आहे.

एक गोष्ट यात सर्वांत महत्त्वाची. खोंडाची लाळ गळत असेल, हंबरणं घोगरं झालं असेल, गिळता येत नसेल, तर घशात काहीतरी अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जनावरात हीच लक्षणं दिसतात, आणि लाळ माणसाच्या जखमेला लागली की रेबीजचा धोका असतो. तशी लाळ लागली तर पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. रेबीज एकदा उमटला की वाचवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून इथे उद्यावर काही टाकायचं नाही.

तपासणीत काहीच निघालं नाही तर निर्णय तुमचाच. पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर चिमट्याने खच्ची करून घ्या. रक्त निघत नाही, पण दुखतं, म्हणून डॉक्टरांकडून भूल देऊनच. त्याने जोर उतरतो, पण लगेच नाही, आणि माणसावर यायची लागलेली सवय पूर्ण जाईलच असं नाही. नंतर शेतीकामाला शांत जोडीदारासोबत जुंपलेला खोंड पुष्कळदा निवळतो.

पैदाशीसाठी ठेवायचाच असेल, तर ज्या घरात म्हातारी माणसं आणि पोरं गोठ्यात ये-जा करतात तिथे ठेवू नका. माणसावर दोनदा आलेला वळू तिसऱ्यांदा येतो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात न्यायचं ठरवलंत तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हा मारका आहे, बाटलीवर वाढलाय. किंमत कमी येईल. येऊ द्या. त्याच्याही घरी कोणीतरी आबा वैरण टाकायला जात असतील.

डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, आणि गोठ्याचा फोटो टाकलात तर गव्हाण कुठे हलवायची तेही नेमकं सांगता येईल.