घाटात घड्याळ झाकून ठेव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, दोन तासांच्या आत संपवायची म्हणून किलोमीटरला ५:४१ चा (५ मिनिटं ४१ सेकंद) वेग पहिल्यापासून धरून ठेवणार, असं लिहिलंयस. गणित बरोबर आहे, रस्ता वेगळा आहे. २०१८ साली बर्लिनला केनियाच्या किपचोगेने पूर्ण मॅरेथॉनचा २:०१:३९ चा विक्रम केला, तेव्हा त्याचे दोन अर्धे जवळजवळ सारखे होते, ६१:०६ आणि ६०:३३ मिनिटांचे. पण बर्लिन सपाट. आपल्याकडे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. इथे सारखी ठेवायची ती मेहनत. वेग पडला तर पडू दे.

म्हणजे वर जायला ६५ मिनिटं, खाली यायला ५४. चढावर सरासरी ६:१०, उतारावर ५:०७. चढावर ५:४१ धरून ठेवलास तर धाप लागेल, साखरेचा साठा भराभर जळेल, आणि तिथे मिळवलेल्या मिनिटांपेक्षा जास्त मिनिटं पुढे जातील. घाटात घड्याळावर बाही ओढ आणि श्वास ऐक. शेजारच्याशी एक छोटं वाक्य धड बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर पावलं आखूड कर. वळणावर अर्धा मिनिट चाललास तरी काही बिघडत नाही. सुरुवातीला तुला मागे टाकून गेलेली मंडळी परतीच्या वाटेवर पुन्हा भेटतात, बहुतेक चालताना!

खरी गोम उतारात आहे. सगळे चढाला घाबरतात, मी उताराला. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच सगळा भार झेलतात, त्यात त्यांचे बारीक तंतू दुखावतात. दम शाबूत असतो, पण शेवटच्या किलोमीटरांत पाय ऐकत नाहीत. लांब टांगा टाकून, टाच आपटत ब्रेक लावू नकोस. पावलं झपाझप, गुडघे किंचित वाकलेले. पावसात रस्ता निसरडा असतो, तेव्हा तर नक्कीच.

याची तयारी आधी होते. शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी एकदा लांब उतार जोरात पळ. दोन दिवस जिने उतरताना कण्हशील, पण स्नायू ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी कमी दुखावतात. शेवटच्या आठवड्यात मात्र उतार नको.

येत्या रविवारी घाटात सराव कर, आणि चढ-उताराच्या वेळा वेगवेगळ्या लिहून पाठव. एकूण वेळ नको.

तुझा,
काका