नागपूरच्या थंडीत गाडीतल्या टाकीचं पाणी तापवताना

भाऊ, इमारतींच्या काचा धुवायच्या गाडीतली पाण्याची टाकी थंडीत रात्रभर तापवावी का, असं विचारतोस, तर नागपुरात पाणी गोठत नाही, तेव्हा टाकी रात्रभर तापत ठेवायचं काही काम नाही. कोमट पाण्याने कबुतरांची वाळलेली घाण लवकर सुटते आणि सकाळी पाइप कडक पडत नाही, फायदा एवढाच.

३०० लिटर पाणी १५ वरून ३५ अंशांवर न्यायला साधारण ७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या हीटरला साडेतीन तास. गाडीच्या बॅटरीचा नाद सोड. घरचं १६ अँपिअरचं सॉकेट, तेवढ्याच क्षमतेचा टायमर, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), यात काटकसर नको. बादलीचा सुटा रॉड तर टाकीत सोडूच नको: प्लास्टिकला टेकला की भोक, पाण्याबाहेर राहिला की जळाला. थर्मोस्टॅटवाला (ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारा) स्टेनलेस स्टीलचा हीटर तळाशी बसवून घे. तांब्याच्या हीटरने शुद्ध पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षार-धातूंचं प्रमाण) वाढतो, मग काचेवर डाग.

बोअरचं पाणी आधी आरओ-डीआयमधून (पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरमधून) काढ, मगच तापव. नाहीतर हीटरवर क्षाराचा थर चढतो. थर्मोस्टॅट ४० च्या वर नेऊ नको. गार काचेवर कढत पाणी पडलं की ती तडकू शकते, कड उडालेली असेल तर नक्कीच सांभाळ. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढ.