वाचकांचे प्रश्न : ‘द केन म्युटिनी’मधील कलावंत

प्रश्न : स. न. वि. वि. पुण्यातील आमच्या चित्रपट मंडळात नुकताच ‘द केन म्युटिनी’ हा जुना अमेरिकी चित्रपट पाहिला. कॅप्टन क्वीगच्या भूमिकेतील हम्फ्री बोगार्ट तेवढा ओळखता आला. बचावाचा वकील कोण, आणि अखेरीस ज्याच्या तोंडावर तो मद्य फेकतो तो अधिकारी कोण, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : हर्मन वौक यांच्या पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कादंबरीवरून एडवर्ड दिमित्रिक यांनी 1954 मध्ये दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ग्रीनवाल्ड हा वकील होझे फेरर यांनी रंगवला असून, आपण विचारलेला अधिकारी, म्हणजे कीफर, फ्रेड मॅकमरे यांनी साकारला आहे. आमच्या मते सर्वांत अवघड भूमिका हीच. कॅप्टनचे डोके ठिकाणावर नाही, हे मॅरिकच्या (व्हॅन जॉन्सन) मनात भरवणारा कीफरच. पण भर वादळात जहाजाचा ताबा घेतल्याबद्दल मॅरिकवर खटला उभा राहतो, तेव्हा साक्षीला येऊन हाच नामानिराळा होतो. मॅकमरे यांचा हसरा, मनमिळाऊ चेहरा पाहून प्रेक्षकही त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि म्हणूनच ती साक्ष मनाला इतकी लागते.

बोगार्ट यांचा साक्षीचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. क्वीग सुरुवातीला शांतपणे, अधिकाराने उत्तरे देतो. मग नकळत खिशातून पोलादी गोळ्या काढून हातात फिरवू लागतो, त्यांचा आवाज होत राहतो, बोलणे स्ट्रॉबेरीच्या चोरीवर घसरते, आणि सारे न्यायालय आपल्याकडे स्तब्ध होऊन पाहत आहे हे ध्यानात येताच तो थांबतो. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, पण पुरस्कार मार्लन ब्रँडो यांना गेला. आधीचा कॅप्टन झालेले टॉम टली यांनाही सहाय्यक अभिनेत्याचे नामांकन होते.

तरुण अधिकारी विली कीथ झालेले रॉबर्ट फ्रान्सिस पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 25व्या वर्षी, विमान अपघातात गेले, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट. खलाशांच्या घोळक्यात ली मार्विन आहेत, ते मात्र पुढे मोठे नट झाले. सरकारी पक्षाचे वकील ई. जी. मार्शल आपण कदाचित अन्यत्र पाहिले असतील : ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यावर बेतला, त्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये ते चौथ्या क्रमांकाचे ज्यूरी आहेत.