दोन्ही सांग

बाय,

आजार म्हटलं तर बाबांचा मार माफ होतो, आणि माराचं सांगितलं तर डॉक्टर म्हणतील आजार नाहीच. असं वाटतं ना तुला? तुला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतोनात चढतं, कधी खोल बुडतं, आणि लहानपणी जे झालं तेही झालं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. उलट, लहानपणी मार, छळ, टाकून बोलणं सोसलेल्यांत हा आजार बरेचदा लवकर सुरू होतो, चढउतार वाढतात, स्वतःला इजा करण्याचा आणि जीव देण्याचा धोकाही वाढतो. अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलंय. नुसतं ‘झोप येत नाही’ सांगून परत आलीस, तर डॉक्टरांना धोका कळणार कसा? दोन्ही सांग.

आरोग्यसेविका असताना माझ्या रजिस्टरात लसीकरण, गर्भार बायका, मलेरियाच्या काचपट्ट्या, सगळ्याला रकाने होते. घरात पोरांवर काय गुदरतं, त्याला रकाना नव्हता. ती खंत अजून जात नाही. घरचे म्हणायचे बाधा आहे, गाऱ्हाणं घालू. घाला की! पण देवळातून निघून तशीच रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची एसटी धरा, हे मी बजावायचे. मुलींना पडवीच्या कोपऱ्यात घेऊन सरळ विचारायचे, मरावंसं वाटतं का? लोक भोचक म्हणाले. एका साहेबांनी तंबी दिली, पोरींच्या डोक्यात नको ते भरवू नका. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, असलेलं बाहेर येतं. मी तेव्हा ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही. तुलाही विचारते. येतात का असे विचार? येत असतील तर तेही डॉक्टरला सांग. पोलिसांना भिऊ नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

आता शिमगा येईल. पालखीपाठी रात्ररात्र जागशील आणि म्हणशील, काकी, किती बरं वाटतंय! जागरणाने मॅनिया, म्हणजे मनाचा तो चढ, उसळतो. पालखी नाचव नि घरी येऊन झोप. अंगात वारं आणि मनात काळोख असे एकत्र आले, तर तो दिवस सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी एकटी राहू नको, गोळ्यांचा डबा आत्याकडे दे. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा फोन १४४१६ दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

लिथियमची गोळी मनाने बंद करू नको. जीव देण्याचा धोका त्याने कमी होतो. रक्त वेळेवर तपास. मे महिन्यात आंब्याच्या कलमांत घाम गाळत पाण्याविना राबू नको, आणि अंग दुखतंय म्हणून दुकानातली आयब्युप्रोफेन घेऊ नको. दोन्हींनी रक्तातलं लिथियम वाढतं.

तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिही आणि डॉक्टरांपुढे सरकव. पण दोन्ही लिही, अर्धं नको! आईला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. बाहेर बसवावं लागलं तर मी बसते तिच्यापाशी. रागावली तर माझ्यावर रागावू दे, मला सवय आहे.

तुझी,
काकी